गभनेकाकांची काई

तुमसरला आमच्या जुन्या कॉलनीत परवा जाणं झालं आणि बागेच्या फाटकावरची पाटी वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. 'स्वर्गीय सुखदेव गभने स्मृती हरित उद्यान.' काळा ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं. पाटीखाली फाटकाला कुलूप. आत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत प्लास्टिकचं गवत, त्यावर सिमेंटचे दोन बगळे आणि एक फायबरचं हरीण.

शेजारून एक ओळखीच्या बाई चालल्या होत्या. त्यांना विचारलं, हे कोणी केलं? त्या म्हणाल्या, "सोसायटीनं केलं, काकांची आठवण म्हणून. छान दिसते ना?"

छान दिसते! ज्या प्लास्टिकवरून या माणसाला वेड्यात काढलं, वाळीत टाकलं, त्याच प्लास्टिकला मेल्यावर त्याचं नाव! काका गेल्या हिवाळ्यात गेले. मला फोनवर कळलं तेव्हा वाईट वाटलं होतं, पण राग आला नव्हता. राग परवा आला. अजून उतरलेला नाही. आठवण ठेवायचीच तर निदान ती खोटी नसावी, म्हणून हे लिहिते आहे.

मी तुमसरच्या एका शाळेत मराठी शिकवायला लागले तेव्हा गभनेकाकांच्या घरावरची खोली भाड्यानं घेतली. खोली बघायला गेले त्या दिवशी दारात एक उंच, सावळा, खांद्यातून किंचित वाकलेला माणूस उभा होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. माझ्या डोक्यावरच्या स्लॅबकडे पाहिलं, हातातल्या काठीनं तो दोनदा ठोकला, आवाज ऐकला आणि म्हणाले, "पक्की हाये. राहा."

काका चिखल्याला मँगनीजच्या खाणीत होते. उभं आयुष्य जमिनीखाली काढून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. खाणीत काम सुरू करण्याआधी डोक्यावरचा दगड सळईनं ठोकून बघायचा असतो. खणखणीत वाजला तर पक्का, बद्द वाजला तर तिथून निघायचं. निवृत्त झाल्यावरही ही सवय सुटली नव्हती. दवाखान्यात, बँकेत, लग्नाच्या हॉलमध्ये, जिथे जातील तिथे आधी मान वर. "आधी वर पाहा, मंग बस," हे ते लहानथोर सगळ्यांना सांगायचे. एकदा कॉलनीतल्या एका वास्तुपूजेला त्यांनी नव्या घराचा बाल्कनीचा छज्जा ठोकला आणि भर पंगतीत जाहीर केलं, "कच्चा हाये जी, याच्याखाली पोट्टे बसवू नका." यजमानांनी पुढे वर्षभर त्यांना हाक मारली नाही.

सुरुंगांच्या आवाजानं त्यांचे कान गेले होते, त्यामुळे बोलणं सगळं ओरडून. काकू म्हणायच्या, "यायनं चहा मांगतला तरी शेजाऱ्याले वाटते भांडण सुरू झालं." आणि खरं सांगायचं तर अर्ध्या वेळा भांडणच असायचं. काकांना राग यायला कारण लागत नव्हतं. उघडा राहिलेला नळ, शेजारच्या राइस मिलची राख, शिळ्या बातम्या पुन्हा पुन्हा सांगणारा टीव्ही. मी राहायला आल्यावर आठवड्याभरात माझी कपडे वाळत घालायची दोरी त्यांनी मला न विचारता गच्चीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन बांधली. मी चिडून खाली गेले.

"काका, दोरी का हलवली?"

"साबणाचं पाणी पडून राहिलं ना मॅडम खाली!"

"मग? खाली काय आहे?"

"काई हाये," काका ओरडले. "जित्ती हाये!"

मी वाकून पाहिलं. घर आणि कुंपणाची भिंत यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत विटांवर हिरवा थर होता. आपण ज्याला शेवाळ म्हणतो आणि ब्रशनं घासून काढतो, तो. काकांनी एक तुकडा नखानं अलगद उचलून माझ्या तळहातावर ठेवला. जवळून पाहिल्यावर तो थर नव्हताच. बोटाच्या पेरापेक्षाही लहान, पण एकेक वेगळं रोप होतं त्यात. देठ, पानं, आणि काहींच्या डोक्यावर केसाएवढ्या काडीला लागलेली टोपी.

"घसरते ते वेगळं. ते बुळबुळीत," काका म्हणाले. "हे मॉस हाये. शाळेत शिकवतेत तुमच्या. शिकवतेत, पण घरी जाऊन ब्रशनं घासतेत."

कॉलनीच्या मिलकडच्या टोकाला एक मोकळी जागा होती. त्यात एक जुना आंबा, दोन जांभळं, कडेला वापरात नसलेला पाण्याचा हौद, आणि दक्षिणेच्या बाजूला राइस मिलच्या गोदामाची उंच भिंत. त्यामुळे तिथे ऊन जवळपास पोचायचंच नाही. सोसायटीनं तिथे लॉन करायचं ठरवलं होतं. नागपूरहून गवताच्या चटया आणून अंथरल्या, त्या पिवळ्या पडल्या. पुन्हा आणल्या, पुन्हा पिवळ्या पडल्या. सोसायटीचे सचिव बारापात्रे साहेब कुठल्याशा खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले होते. 'बाग' म्हणजे लॉन आणि 'लॉन' म्हणजे प्रतिष्ठा, हे त्यांचं पक्कं समीकरण. त्यांनी मीटिंगमध्ये तिसऱ्यांदा गवताचा विषय काढला आणि काका उठले.

"सावलीत गवत लावून राहिले तुमी! गवताले ऊन पाहिजे जी. त्याले तळघरात कोंडाचं अन् मंग म्हणाचं, मरते काहून?"

"मग तुम्हीच सांगा काय लावायचं," बारापात्रे म्हणाले.

"लावाचं काहीच नाही. जे आपल्या मनानं येऊन राहिलं, त्याले येऊ द्या." काकांनी हौदाच्या पायथ्याकडे काठी दाखवली. तिथे ओलीवर हिरवं धरलं होतं.

"काई?" बारापात्रे साहेबांनी विचारलं, आणि सगळी मीटिंग हसली. काई धरलेलं घर म्हणजे दरिद्री घर, हे आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं. पण तिसऱ्या लॉनसाठी वर्गणी द्यायलाही कोणी तयार नव्हतं. 'करा बुवा काय करायचं ते' म्हणून ती जागा काकांच्या गळ्यात पडली.

माझी खिडकी त्या जागेवर उघडायची, त्यामुळे पुढचं सगळं मी वरून पाहिलं. पहिल्या पावसाळ्याआधी काकांनी ती जमीन साफ केली. प्लास्टिकच्या पिशव्या, फुटक्या कुंड्या, गवताच्या मेलेल्या चटया, सगळं काढलं. आपण बाग करताना जमीन खणतो, भुसभुशीत करतो. काकांनी उलटं केलं. ओल्या मातीवर धुम्मस मारून ती ठोकून ठोकून घट्ट केली, अंगण करतात तशी. खत घातलं नाही. "खत घातलं का तण माजते, अन् तणाखाली ही बिचारी दबून मरते." मग हौदाच्या भिंतीवरचे, जुन्या विटांवरचे हिरवे तुकडे चिमटीचिमटीनं आणून त्या घट्ट मातीवर दाबले, आणि फवारणीचा पंप धुऊन त्यातून बारीक पाणी मारत राहिले. बादली कधी ओतली नाही. रोज सकाळी पोतं अंथरून गुडघ्यावर बसायचं आणि उगवलेलं एकेक तण नखानं उपटायचं. आंब्याची पानं पडली की शिंदीच्या मऊ झाडूनं हलक्या हातानं काढायची. पान दोन दिवस वर पडून राहिलं तर खालची काई पिवळी पडते, म्हणून त्यांचा आंब्यावरही राग होता. "काल झाडलं, आज पुन्ना!" असं आंब्याला ओरडताना मी त्यांना ऐकलं आहे.

सगळं पहिल्या फटक्यात जमलं, असं मुळीच नाही. कोणीतरी त्यांना मोबाइलवर दाखवलं की ताक शिंपडलं की काई झपाट्यानं वाढते. काकांनी घरातलं सगळं ताक नेऊन ओतलं. मुंग्या आल्या, मग वास, मग मोहल्ल्यातली कुत्री येऊन ती जागा चाटून गेली. काकूंनी त्या दिवशी कढी केली नाही आणि का केली नाही ते चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. दुसऱ्यांदा काकांनी चिखल्याच्या नाल्यावरून एक मोठा, दाट, गालिच्यासारखा हिरवा पट्टा उचलून आणला. महिनाभर त्याची बाळंतिणीसारखी उस्तवार केली. तो काळा पडून गेला.

"त्याले इथली हवा नाही मानवली," काका म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच मी लहान झालेला ऐकला. "मी उगाच आणला. तिथं तो चांगला होता." नंतर त्यांनी बाहेरून काही आणलं नाही. इथल्या भिंतीवरचं, इथल्या विटांवरचं, जे या मातीत राहून दाखवेल तेवढंच.

दुसऱ्या पावसाळ्यात ती जमीन भरली. सगळीकडे सारखी नव्हे. कुठे पोपटी, कुठे गडद, कुठे आखूड मखमलीसारखी, कुठे फर्नच्या बारीक पानांसारखी चपटी. आंब्याच्या मुळ्यांवर चढलेली. काकांनी चालायला मधून चपट्या दगडांची वाट केली आणि कोणी घसरू नये म्हणून ते दगड दर आठवड्याला काथ्यानं घासून स्वच्छ ठेवले. कडेला बसायला लांबट दगड टाकले. मी शाळेतून आले की तिथे जाऊन बसायची. एप्रिलमध्ये तुमसरची हवा भट्टीतून आल्यासारखी लागते. तिथे पाऊल टाकलं की वाटायचं, कोणीतरी कपाळावर ओला हात ठेवला.

या माणसाला काईचं वेड लागलं कुठून, हे मी एकदा संध्याकाळी विचारलं. काका दगडावर बसून पायाची माती काढत होते.

"खाली लागलं," ते म्हणाले. खाणीला ते नेहमी 'खाली' म्हणायचे. "नवीन होतो. आसगावचा कास्तकाराचा पोट्टा मी, धानाच्या बांधीत वाढलो. खाली गेलो अन् पहिल्याच दिवशी जीव घाबरला. सगळं काळं. पंपापाशी एक बल्ब जळत राहे, दिवसरात. भिंतीवरून पाणी झिरपे. अन् त्या बल्बच्या भवताल, एवढी," त्यांनी दोन हातांची ताटली केली, "हिरवी काई! बल्बचा उजेड जेथवर, तेथवर ती. पुढं अंधार, पुढं काही नाही. मी म्हटलं, ही इथं राहू शकते तं मी काहून नाही?"

"मग?"

"मंग काय, राहिलो. एकदा तो बल्ब उडाला अन् कोणी बदलवेना. मी माह्या क्वार्टरचा काढून नेला. तुमची काकू आठ दिवस अंधारात सैपाक करत होती, मले शिव्या देत."

आतून काकूंचा आवाज आला, "अजून बी देतो!"

आता मूळ गोष्टीकडे येते, म्हणजे ज्या गोष्टीनं सगळं बिघडलं तिच्याकडे. शेजारच्या राइस मिलमध्ये काम करणाऱ्या बाया दुपारच्या सुट्टीत रस्त्याच्या कडेला, भिंतीच्या वीतभर सावलीत बसून डबे खायच्या. केसांवर, भुवयांवर कोंड्याची पांढरी पूड. एका मे महिन्यात त्यांतल्या एका बाईला रस्त्यावरच भोवळ आली. काका फाटकाशी उभे होते. त्यांनी फाटक सताड उघडलं आणि ओरडले, "तिथं का मरून राहिल्या? आत या!" त्या बिचाऱ्या आधी घाबरल्या, कारण त्यांना वाटलं हा म्हातारा हाकलतो आहे.

तेव्हापासून पाच-सहा जणी रोज येऊ लागल्या. त्यांच्यात रुखमाबाई नावाची एक ढिवराघरची बाई होती. तिचा नवरा तलावात मासे धरायचा आणि ही मिलमध्ये पोती शिवायची. काकांच्या ओरडण्याला न भिणारी ती एकटीच. काका म्हणायचे, "चपला दगडावर. काईवर पाय नाही." रुखमाबाई म्हणायची, "बापू, तुमची काई तं सुनेपेक्षा नाजूक हाये." काका म्हणायचे, "सून बोलते तरी. हिले बोलता येत नाही." मग त्या हसायच्या, डबे सोडायच्या, अंबाडीच्या भाजीचा वास पसरायचा आणि जेवून झालं की कोणी दगडावर तशीच आडवी व्हायची. उठताना एकही शीत मागे राहत नसे. हे मी खिडकीतून रोज पाहत होते, म्हणून छातीवर हात ठेवून सांगते.

कॉलनीत कुजबुज सुरू झाली. बाहेरच्या बाया येतात. कोण कुठल्या, काय माहीत. आज बसतात, उद्या चोऱ्या होतील. पण हे तोंडावर म्हणण्याची कोणाची हिंमत नव्हती, कारण म्हणणाऱ्यांच्या घरी त्याच मिलचा तांदूळ शिजत होता आणि त्याच वस्तीतल्या बाया भांडी घासत होत्या. मग सगळ्यांना अचानक काईची काळजी वाटू लागली. काईनं डास होतात. काईनं दमा होतो. काईवर म्हातारी माणसं घसरतील. आजवर तिथे कोणी घसरलं नव्हतं. घसरले होते ते बारापात्रे साहेब, स्वतःच्या पोर्चमधल्या इटालियन टाइल्सवर. पण मीटिंगमध्ये उदाहरण दिलं गेलं ते काईचं.

तो उन्हाळा कडक होता. मिलकडून येणारी गरम हवा आणि नळाला दिवसाआड पाणी, त्यामुळे काकांनी फवारणी बंद केली होती. "माणसाले प्याले पाणी नाही, तवा काई थांबेल," ते म्हणाले. काई तपकिरी पडली, चुरचुरीत झाली. बारापात्रे साहेबांनी मीटिंगमध्ये ती संधी साधली.

"गभनेजी, तुमची बाग मेली. आता तरी ऐका."

काकांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. तिच्यात वाळलेल्या काईचा तपकिरी तुकडा होता. तो त्यांनी चहाच्या बशीत ठेवला आणि ग्लासातलं पाणी त्यावर शिंपडलं. "पाहा," म्हणाले. सगळे पाहत राहिले. आधी काही झालं नाही. मग मिटलेली पानं एकेक करून उलगडायला लागली, जशी झोपेतल्या बाळाची मूठ उघडते, आणि चहा संपायच्या आत बशीत हिरवंगार काहीतरी बसलेलं होतं. मागे बसलेल्या बायका उठून पुढे आल्या. एकजण म्हणाली, "जादूच आहे बाई!"

"जादू नाही जी," काका म्हणाले. "मेली नव्हती. वाट पाहून राहिली होती."

त्या दिवशी विषय मागे पडला. मला वाटलं, काका जिंकले. मी मूर्ख होते. दिसलेल्या गोष्टीनं माणसाचं मन बदलतं असं मला वाटत होतं. ज्याला बदलायचंच नाही तो फक्त योग्य वेळेची वाट बघतो.

ती वेळ पुढच्या वर्षी मार्चमध्ये आली. आसगावला काकांचे मोठे भाऊ वारले. घरची शेती त्यांनीच सांभाळली होती आणि काकांना त्यांनीच शिकवलं होतं. काका-काकू तेरवी होईपर्यंत तिकडेच राहिले. दोघं गावाला निघून गेल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या खिडकीखाली ट्रॅक्टर येऊन उभा राहिला. मी खाली धावले. कंत्राटदाराची माणसं आधी ब्लिचिंग पावडर टाकत होती. सगळ्या काईवर पांढरी भुकटी, ढोर मेल्यावर टाकतात तशी. वरून पाण्याचा पाइप सोडला होता.

मी बारापात्रे साहेबांकडे गेले. ते पेपर वाचत होते.

"काका इथे नाहीत. निदान त्यांना येऊ तर द्या."

"मॅडम, ठराव झालेला आहे. आणि तुम्ही भाडेकरू आहात, सभासद नाही."

"त्यांच्या घरात मयत झाली आहे!"

"म्हणूनच," ते अतिशय सौम्यपणे म्हणाले, "त्यांना आत्ता त्रास नको म्हटलं."

हे वाक्य मी विसरू शकत नाही. तो सौम्यपणा तर मुळीच नाही. मी काकांना फोन केला नाही. भावाच्या तेरवीची तयारी करणाऱ्या माणसाला काय सांगणार होते? काका परत येईपर्यंत जमिनीवर गिट्टी पडली होती, सिमेंट झालं होतं, जागा 'मोकळी वाटावी' म्हणून आंब्याच्या आणि जांभळाच्या खालच्या फांद्या छाटल्या होत्या, आणि गुंडाळ्यांतून प्लास्टिकचं गवत उलगडत होतं. फाटकाला नवं कुलूप लागलं होतं. मिलच्या बाया पुन्हा रस्त्याच्या कडेला बसल्या होत्या.

काका मुंडण केलेल्या डोक्यानं फाटकाशी उभे राहिले. रुखमाबाई रस्त्यावरून उठून जवळ आली आणि म्हणाली, "बापू, आमच्यापाई झालं हे."

"तुमच्यापाई नाही," काका गरजले. "यायच्यापाई! यायले सावलीत बसलेला गरीब पाहवत नाही!" मग ते बारापात्रे साहेबांच्या दारात गेले आणि अख्ख्या कॉलनीला ऐकू गेलं ते असं: "भावाले जाळून येऊन राहिलो मी! पाठीमागून केलं तुमी! तोंडावर कराचं होतं!" बारापात्रे साहेबांनी दार लावून घेतलं. कोणी बाहेर आलं नाही. लोक पडद्याआडून बघत राहिले आणि संध्याकाळी एकमेकांना म्हणाले, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

उद्घाटन एप्रिलमध्ये ठेवलं. कार्यक्रम सकाळचा होता, पण पाहुणे उशिरा आले, तोवर ऊन डोक्यावर आलं. मंडप, हार, माइक. काकांना बोलावलं नव्हतं. ते आले. स्वच्छ धोतर, पांढरा सदरा, टोपी. रांगेतून सरळ पुढे गेले आणि पाहुण्यांना हात जोडले.

"साहेब, एक विनंती हाये. बूट काढा अन् या गवतावर एक मिनिट उभे राहा."

पाहुण्यांना वाटलं, काहीतरी पूजेचा प्रकार असेल. त्यांनी बूट-मोजे काढले आणि मंडपाबाहेरच्या हिरव्यागार पट्ट्यावर पाय ठेवला. दुसऱ्याच क्षणी "अरे बापरे!" करून उडी मारून ते सतरंजीवर आले. कोणीतरी फिस्सकन हसलं. काका तिथेच, त्या तापलेल्या प्लास्टिकवर अनवाणी उभे होते, आणि हटत नव्हते.

"इथं ओल होती साहेब. थंडी होती. दुपारच्याले चार बाया जेवून राहिल्या होत्या. हे पाहा का केलं यायनं!"

काकूंनी पुढे होऊन त्यांचा हात धरला आणि त्यांना ओढून नेलं. घरी तळपायांना फोड आले होते. काकू खोबरेल तेल लावत होत्या आणि रडत होत्या, आणि मधेच म्हणाल्या, "पाहुण्याची उडी मातर मस्त होती जी." दोघंही हसले. आजवर त्या नवऱ्याच्या काईला शिव्या देत आल्या होत्या. त्या दिवसानंतर त्यांच्या तोंडून काईबद्दल वाईट शब्द मी ऐकला नाही.

सोसायटीनं त्यांना वाळीतच टाकलं. हळदीकुंकवाला काकूंना बोलावणं बंद. गणपतीची आरती त्यांच्या दारावरून पुढे जायची. ज्यांच्या घरचं छत ठोकून काकांनी 'दुरुस्त करा' सांगितलं होतं आणि ज्यांनी ते ऐकून दुरुस्त केलं होतं, ते लोकही तोंड फिरवून जाऊ लागले. हे मी का लिहिते? कारण हीच माणसं परवा 'काकांची आठवण' म्हणत होती.

पाय बरे झाल्यावर काकांनी सब्बल काढली. घराच्या उत्तरेला त्यांची स्वतःची बाजूची जागा होती, त्यात मुलानं हौसेनं टाइल्स बसवून दिल्या होत्या. त्या त्यांनी एकेक करून उखडल्या. मी म्हटलं, मजूर लावू. "नोको. माह्या हातानं काढतो." मग मिलच्या रस्त्याकडच्या कुंपणाच्या भिंतीत त्यांनी एक माणूस जाईल एवढं भगदाड पाडलं आणि गवंड्याकडून तिथे लोखंडी दार बसवून घेतलं. त्याला कडी होती. कुलूप काही लावलं नाही. बारापात्रे साहेबांचा निरोप आला की भिंत पाडायला परवानगी लागते. काकांनी निरोप घेऊन आलेल्या वॉचमनला चहा पाजला आणि सांगितलं, "साहेबाले म्हणा, भिंत माही, दार माहं, येनारे पाहुने बी माहे."

त्या चिंचोळ्या जागेत, कुंपणाच्या विटांवर टिकलेल्या त्या मूठभर काईपासून, त्यांनी पुन्हा सुरुवात केली. वय झालं होतं, गुडघ्यावर बसवत नव्हतं, तर लाकडी पाटावर बसून सरकत सरकत तण काढायचे. रुखमाबाई आणि तिच्या सोबतिणी दुपारी त्या दारानं आत येऊ लागल्या. काकू त्यांना पाण्याची घागर भरून ठेवायच्या. पुढच्या पावसाळ्याअखेरीस ती जमीन बऱ्यापैकी हिरवी झाली होती. मोठ्या बागेच्या मानानं ती काहीच नव्हती. पण ती होती.

त्या ऑक्टोबरात माझी भंडाऱ्याला बदली झाली. सामान टेम्पोत चढलं, काकूंनी ओटीत नारळ घातला आणि म्हणाल्या, "काकाले भेटून घे. बाजूले हायेत. सकाळपासून आत आले नाहीत."

मी बाजूच्या जागेत गेले. आदल्या दिवशी सोसायटीनं काकांच्या जागेवर आलेली जांभळाची मोठी फांदी तोडून टाकली होती, शेजारी उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर पानं पडतात म्हणून. ती फांदी गेल्यामुळे ऑक्टोबरचं ते चावरं ऊन सरळ काईवर उतरलं होतं. काका तिथे उभे होते. हातात काळी छत्री उघडलेली. छत्री त्यांच्या डोक्यावर नव्हती. हात लांब करून ती त्यांनी जमिनीवर धरली होती, काईचा एक पट्टा तिच्या सावलीत होता आणि ते स्वतः उघड्या डोक्यानं उन्हात. घामानं सदरा पाठीला चिकटला होता. ऊन सरकलं की तेही अर्धं पाऊल सरकत होते.

"काका, निघाले मी."

"हव, हव."

"किती वेळ उभे आहात? जाळी बांधून घ्या ना वरून."

"जाळी आणाले धाडलं हाये. येईपर्यंत कोण उभं राहील?" त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं, डोळे आकसलेले, चेहरा लालबुंद. आशीर्वाद द्यायला हात मोकळा नव्हता. "जा पोरी, नीट राहा. मले टाइम नाही आता."

आणि छत्री दुसऱ्या हातात घेऊन ते सूर्याला शिव्या द्यायला लागले.